आजीची रांगोळी आणि आयर्लंडमधलं बीजगणित

आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांना, बीजगणित असतं असं सांगितलं की भारतातले नातेवाईक दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. एक, "अरे वा, तिकडचं शिक्षण फारच पुढे गेलंय!" किंवा दुसरी, "बिचारी पोरं! अजून दुधाचे दात पडले नाहीत आणि त्यांना एक्स-वाय कसलं शिकवताय?" दोन्ही बोलण्यांमागचा समज एकच आहे. बीजगणित म्हणजे अक्षरं, कंस, सूत्रं आणि आठवी-नववीतली धडधड. प्रत्यक्षात इथल्या लहान वर्गांत एक्सही नसतो आणि वायही नसतो. जे असतं ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त त्याला आपण कधी गणित म्हटलं नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीच्या निमित्ताने इकडे आले, त्याला आता दहा वर्षं होत आली. आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला राहतो. दोन्ही मुलं घराजवळच्याच प्राथमिक शाळेत जातात. मुलगी चौथीत आहे, मुलगा सीनियर इन्फंट्समध्ये. इथली प्राथमिक शाळा आठ वर्षांची असते: ज्युनियर इन्फंट्स, सीनियर इन्फंट्स आणि मग पहिली ते सहावी. २०२३ साली प्राथमिक गणिताचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात पाच विभाग आहेत: संख्या, मापन, आकार आणि अवकाश, माहिती आणि शक्यता, आणि पाचवं बीजगणित. तेही आठही वर्षं. ही कल्पना अगदी कालची नव्हे. त्याआधीच्या १९९९च्या अभ्यासक्रमातही बीजगणिताचा धागा छोट्यांपासूनच होता.

मग चार वर्षांचं मूल बीजगणितात करतं तरी काय? मणी ओवतं. लाल, निळा, लाल, निळा. बाई विचारतात, पुढचा कोणता? हे कुणीही सांगतं. मग विचारतात, दहावा कोणता असेल? मुलं मणी ओवून बघतात आणि निळा म्हणतात. मग बाई म्हणतात, आता मणी ओवायचे नाहीत, शंभरावा सांगा. इथे खरी गंमत सुरू होते. एखादं पोर डोकं खाजवून म्हणतं, "जोडीतला दुसरा नेहमी निळाच असतो." हे वाक्य म्हणजे बीजगणित. समोर नसलेल्या मण्याबद्दल, न मोजता, खात्रीने काहीतरी सांगता येणं. समोरच्या चार-सहा उदाहरणांवरून नियम ओळखायचा, तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि मग विचारायचं, "नेहमी असंच होईल का? का होईल?" अक्षरं ही पुढे लिहिण्याची सोय म्हणून येतात.

थोड्या मोठ्या वर्गांत वाढत जाणारे नमुने येतात. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत याला ‘आकृतिबंध’ म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो. लेकीच्या वर्गातलं एक उदाहरण सांगते. एका चौकोनी टेबलाभोवती चार खुर्च्या मावतात. दोन टेबलं चिकटवून ठेवली तर सहा. तीन टेबलांना आठ. मग वाढदिवसाला दहा टेबलं एका ओळीत लावली तर किती जण बसतील? उत्तर २२. पण बाईंना नुसतं २२ नको होतं. "तुला कसं दिसलं?" असं प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, पहिल्या टेबलाला चार, नंतर प्रत्येक टेबलाला दोन-दोन वाढले. दुसरी म्हणाली, प्रत्येक टेबलाच्या समोरासमोर दोन, आणि शेवटी दोन टोकांना एक-एक. पहिल्याच्या हिशेबात ४ आणि ९ वेळा २, दुसरीच्या हिशेबात १० वेळा २ आणि वर २. वाटा दोन, उत्तर एक. ते एक का येतं हे दोघांनी एकमेकांना समजावून सांगायचं. नव्या अभ्यासक्रमात गणिताबद्दल बोलण्यावर मुद्दाम भर आहे. आमच्या काळी गणिताच्या तासाला बोललं की बाकावर उभं राहावं लागे, हे मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. आम्ही चार-पाच मराठी कुटुंबं मिळून रविवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग घेतो. तिथे एकदा मी फळ्यावर लिहिलं: ८ + ४ = ☐ + ५. चौकटीत काय? बहुतेकांनी झटकन १२ म्हटलं. एकाने सगळं मिळवून १७ सांगितलं. यात आमची मुलं वेगळी नाहीत. अमेरिकेत १९९०च्या दशकात संशोधकांनी हाच प्रश्न प्राथमिक शाळांतल्या मुलांना विचारला, तेव्हा बहुसंख्य मुलांनी हीच दोन उत्तरं दिली होती. कारण मुलांसाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असा हुकूम असतो. कॅल्क्युलेटरवरचं बटणच ते. खरं तर तो तराजूचा काटा आहे. इकडच्या पारड्यात बारा, तर तिकडेही बाराच हवेत, म्हणून चौकटीत ७. मी घरातल्या हँगरच्या दोन टोकांना पिशव्या अडकवून, त्यांत ठोकळे टाकून दाखवलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला हा तराजू लहानपणी कळला नाही, त्याला आठवीत "पद दुसऱ्या बाजूला नेलं की चिन्ह बदलतं" हे मंत्रासारखं पाठ करावं लागतं. आमच्या कामातही हे चिन्ह जपून वापरावं लागतं. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत एक ‘बरोबर’ म्हणजे "ही किंमत तिथे ठेव" आणि दोन ‘बरोबर’ म्हणजे "दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघ". नवीन मुलामुलींचा निम्मा गोंधळ तिथेच होतो.

हे सगळं ऐकून माझ्या बाबांचा एकच प्रश्न असायचा, "ते ठीक आहे, पण पाढे कुठपर्यंत आलेत?"

बाबा कराडला असतात. सहकारी बँकेत कॅशियर म्हणून नोकरी झाली. तीसपर्यंतचे पाढे तर आहेतच, पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडावर. इथे रविवारी दुपारी, म्हणजे तिकडे संध्याकाळी, व्हिडिओ कॉल असतो. "काय जेवलीस? शाळा कशी चाललीय?" एवढं झालं की आजोबा विचारणार, "बरं, सतराचा पाढा म्हण बघू." इथल्या शाळेतही पाढे पाठ करून घेतात, पण इंग्रजीतून, आणि सतरापर्यंत कुणी जात नाही. नात अडखळायची, आजोबा हसून दुरुस्त करायचे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हळूहळू ती कॉलच्या वेळी दुसऱ्या खोलीत जायला लागली. "आजोबांशी बोल" म्हटलं की "मला होमवर्क आहे." परदेशात मुलं वाढवणाऱ्यांना हे नवं नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यात बोलायला विषय उरत नाही, मराठी अडखळते, आणि मग कॉल पाच मिनिटांत संपतो. पाढ्यांमुळे आमच्याकडे ती पाच मिनिटंसुद्धा धोक्यात आली होती.

एका कॉलमध्ये मी विषय बदलायचा म्हणून बाबांनाच विचारलं, "बाबा, एकोणतीस पंधरे किती?" पाढा न म्हणता ते उत्तरले, "चारशे पस्तीस." कसं काढलंत? "त्यात काय, तीस पंधरे साडेचारशे, त्यातनं एक पंधरा काढायचे." मुलीचे कान टवकारले. तिच्या वर्गात नेमकं हेच चाललं होतं: अवघड गुणाकाराजवळचा सोपा गुणाकार शोधायचा आणि फरक दुरुस्त करायचा. पुढे शाळेत हेच कंस घालून लिहितात, (३० − १) × १५. बँकेच्या काउंटरवर बाबांनी हे आयुष्यभर केलं, त्याला बीजगणित कुणी म्हटलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, मग एकोणचाळीस पंधरे?" आणि पहिल्यांदा परीक्षेला आजोबा बसले.

यातली मेख मराठी शब्दातच आहे. ‘एकोणतीस’ म्हणजे एक उणे तीस. बाबांनी जी युक्ती केली ती त्या संख्येच्या नावातच लपलेली आहे. तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं वाचन दिलं आणि केवढा गदारोळ झाला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितलं होतं: मूल ऐकतं ‘पंचवीस’, म्हणजे आधी पाच मग वीस, आणि लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. शिवाय जोडाक्षरं. लहान मुलांचा त्यात गोंधळ उडतो. इथे राहून मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण आमची मुलं शाळेत आयरिश भाषाही शिकतात आणि तिच्यात एकवीसला ‘फिहे अ हेन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः वीस-एक. मराठीत ‘एकोणसाठ’ला अडणारी माझी मुलगी आयरिशमध्ये कधी अडली नाही. गंमत म्हणजे चाळीसचा आयरिश शब्दही मुळात ‘दोन विसा’ असाच बनला आहे. आमची पणजी अंडी मोजताना ‘दोन विसा’ असंच म्हणायची.

पण म्हणून ‘एकोणतीस’ टाकून द्यावं असं मला वाटत नाही. ‘वीस नऊ’ लिहायला सोपं, ‘एकोणतीस’ हिशेबाला सोपं. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी माळ लावून मुलांना विचारा, "‘एकोण’चा अर्थ काय असेल?" ती स्वतः शोधून काढतात: पुढच्या दहातून एक कमी. मग सांगतात, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि मग नव्याण्णव आलं की हसू फुटतं, कारण तिथे नियम मोडतो. नियम शोधणं आणि तो कुठे मोडतो ते शोधणं, दोन्ही गणितच. आमच्या मराठी वर्गातला तो सगळ्यात चांगला तास होता. त्या दिवशी मराठी आणि गणित असे दोन विषय आहेत हेच मुलं विसरली.

आता आईबद्दल. माझी आई सातवीपर्यंत शिकली. "मला त्या गणितातलं काही कळत नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य. दिवाळीच्या आधी मुलीला ठिपक्यांची रांगोळी शिकवायची म्हणून ती कॅमेऱ्यासमोर बसली. इकडे मुलगी कागद-पेन घेऊन. आई म्हणाली, "मधली ओळ पाचाची घाल. वर चार, मग तीन. खाली पण तसंच. ठिपका मात्र वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे यायला हवा." ही आपली ‘पाच ते तीन’ रांगोळी. मुलीने सवयीने ठिपके मोजले: ३ + ४ + ५ + ४ + ३ = १९. मग आईने ‘सात ते चार’ सांगितली: ४ + ५ + ६ + ७ + ६ + ५ + ४ = ३७. लहान ‘तीन ते दोन’ काढली तर सातच ठिपके. आणि सगळ्यात लहान रांगोळी म्हणजे एकच ठिपका.

१, ७, १९, ३७. मुलीने लगेच फरक काढले, कारण शाळेत तीच सवय लावली आहे. ६, १२, १८. म्हणजे सहाचा पाढा! ती ओरडलीच, "आजी, पाढा आला!" सहाच का, हे मात्र आजीनेच सांगितलं. "बाहेरची कड फिरून बघ की. सहा बाजू आहेत. प्रत्येक फेरीला एकेका बाजूला एकेक ठिपका वाढतो." आई रांगोळी मधल्या ठिपक्यापासून बाहेर, एकेक कडं वाढवत बघते, त्यामुळे तिला ते दिसतंच.

मग मी विचारलं, "आई, मधली ओळ केवढ्याची घालायची हे तू आधी कसं ठरवतेस? अंगण संपायला नको ना." तिने वर न बघता सांगितलं, "कडेला जेवढे हवेत त्याच्या दुपटीत एक कमी, तेवढे मधे." कडेला ३ तर मधे ५, कडेला ४ तर मधे ७. शाळेत हेच २क − १ असं लिहितात. "मला गणित कळत नाही" म्हणणाऱ्या बाईने एका वाक्यात, एकही अक्षर न वापरता, सूत्र सांगितलं होतं. आणि ते बरोबर आहे की नाही हे तपासायला तिला कुणा मास्तरांची गरज नव्हती. अंगणात रांगोळी बसते की नाही हीच तिची परीक्षा.

पुढचा भाग मुलीने शाळेतल्या जोडायच्या ठोकळ्यांनी केला. ही संख्यांची माळ बेरजेने पुढे न्या: १. मग १ + ७ = ८. मग ८ + १९ = २७. मग २७ + ३७ = ६४. हे सगळे घन आहेत: २ × २ × २, ३ × ३ × ३, ४ × ४ × ४. षटकोनी रांगोळीतून घन कुठून आला? तीनचा घन करा, २७ ठोकळ्यांचा, आणि एका कोपऱ्यावर नाक ठेवल्यासारखं समोरून बघा. दिसणारे ठोकळे मोजा. बरोबर १९ आहेत, आणि आकारही षटकोनच दिसतो. ते १९ सोलून काढले की आत आठांचा घन उरतो. पाच मिनिटांचा कॉल त्या दिवशी दीड तास चालला.

‘नेहमी असंच होतं का?’ या प्रश्नाचं आयर्लंडशी जुनं नातं आहे. शहरात जाणारी आमची ट्रेन ब्रूमब्रिज स्टेशनावरून जाते. तिथे रॉयल कालव्यावर एक साधा दगडी पूल आहे. १६ ऑक्टोबर १८४३ला विल्यम रोवन हॅमिल्टन बायकोबरोबर कालव्याच्या काठाने चालले होते. वर्षानुवर्षं छळणाऱ्या कोड्याचं उत्तर त्यांना तिथे सुचलं आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरलं. कोरलेलं आता दिसत नाही, पण तिथे पाटी आहे. दरवर्षी त्या तारखेला डन्सिंक वेधशाळेपासून त्या पुलापर्यंत लोक चालत जातात. त्यांचा शोध काय होता? ३ × ५ आणि ५ × ३ सारखंच, हे आपली मुलं दुसरी-तिसरीत शिकतात. हॅमिल्टन यांनी अशा संख्या मांडल्या की त्यांच्यात क्रम बदलला तर उत्तर बदलतं. आज संगणकावर त्रिमितीतली वस्तू फिरवायला त्याच वापरतात.

दुसरं घर कॉर्कमधलं. जॉर्ज बूल १८४९ साली तिथल्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. त्याआधी इंग्लंडमध्ये ते शाळामास्तर होते. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांचं त्यांनी बीजगणित केलं, ज्यावर आमच्यासारख्यांची रोजीरोटी चालते. त्यांची बायको मेरी एव्हरेस्ट बूल. ज्यांच्या नावावरून शिखराला एव्हरेस्ट म्हणतात, त्या भारताच्या सर्व्हेअर जनरलची पुतणी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाच मुली घेऊन ती लंडनला गेली. मुलांना गणित कसं शिकवावं यावर तिने आयुष्य घालवलं. कार्डावर सुईदोऱ्याने सरळ टाके घालत गेलं की त्यांतून वक्ररेषा उमटते, ही हस्तकला तिच्यामुळे प्रसिद्ध झाली. १९०९ साली तिने मुलांसाठी बीजगणितातल्या गमतीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तिचं सांगणं असं की आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे प्रामाणिकपणे कबूल करून, त्या न माहीत असलेल्या गोष्टीला नाव देऊन पुढे काम करत राहणं म्हणजे बीजगणित.

आपल्याकडे हे नाव फार आधी दिलं गेलं होतं. इ. स. १११४ साली जन्मलेले भास्कराचार्य आणि त्यांच्या आधीचे गणिती अव्यक्त संख्येला ‘यावत्‌तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. दुसरी अव्यक्त संख्या आली की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लाल-निळ्या मण्यांपासून सुरू झालेल्या आपल्या गोष्टीत हे चपखल बसतं. एक्सला घाबरणाऱ्या मुलांना मी ‘यावत्‌तावत्’ऐवजी लाडवांचा डबा देते. मनात एक संख्या धरा. तेवढे लाडू बंद डब्यात आहेत. त्यात ५ मिळवा, दुप्पट करा, ४ वजा करा, निम्मे करा, मनातली संख्या वजा करा. उत्तर सगळ्यांचं ३! जादू का झाली ते चित्र काढून बघा: एक डबा आणि बाहेर ५ लाडू; मग दोन डबे आणि १०; मग दोन डबे आणि ६; मग एक डबा आणि ३; शेवटी डबा उचलून नेला की ३ उरले. डबा एकदाही उघडला नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे कळतं, आणि कळल्यावर ते स्वतःची नवी जादू तयार करतं.

शेवटी आपल्या माणसाबद्दल. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणू, १९०५. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिक्षक. हातात मोठी पदवी नाही, विद्यापीठ नाही, फक्त संख्यांचं वेड. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. तीन अंकी असेल तर ४९५.

आम्ही आजोबा-नातीची शर्यत लावली, दोघांची जन्मसालं घेऊन. आजोबांचं १९५२: ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पाच पायऱ्या. नातीचं २०१५: ५०८५, ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४. पुऱ्या सात. आजोबा जिंकले. पण नात कागद निरखत म्हणाली, "आजोबा, ६३५४ला आपण भेटलो. तिथून पुढे आपण एकत्रच गेलो."

पाढे सोडा असं मी म्हणणार नाही. हाताशी संख्या खेळत नसतील तर नमुना दिसणार कुठून? बाबांची पंधराची झेप पाढ्याच्या जोरावरच होती. इतकंच सुचवेन की पाढा म्हणून झाला की तिथेच उठू नका. नऊच्या पाढ्यात दशक एकेक वर चढतो आणि एकक एकेक उतरतो, तो का, हे विचारा. आठच्या पाढ्यात शेवटी ८, ६, ४, २, ० हेच का फिरत राहतात, ते विचारा. उत्तर सांगायची घाई करू नका. मूल चुकीचा नियम सांगेल, त्याला तोच नियम लावून बघू द्या. आणि भारतातल्या आजी-आजोबांनो, तुम्हाला इंग्रजी यायला हवं असं काही नाही. ठिपके, पाढे, हिशेबाच्या युक्त्या तुमच्याकडे आहेत आणि ते मराठीत शिकवणारं इथे दुसरं कुणी नाही.

या रविवारच्या कॉलसाठी एक गृहपाठ देते. कागदावर ‘नऊ ते पाच’ची रांगोळी काढा. ठिपके मोजायच्या आधी नातवंडांना अंदाज करायला सांगा. मग आधीच्या सगळ्या रांगोळ्यांचे ठिपके त्यात मिळवा आणि बेरीज कशाचा घन आहे ते बघा. उत्तर मी देत नाही. ते आजीला विचारा.